मेसेजमधली वेलांटी

व्हॉट्सॲपवर पूर्णविराम गळला, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ‘मराठी बुडाली’ अशी ओरड होते. पण विरामचिन्हं मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश अधिकारी मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून. त्याआधीच्या मोडी पत्रांत ती नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. तरी राज्यकारभार चालला. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तर अनुच्चारित अनुस्वारही काढून टाकले. मग नियम हवेतच कशाला, असं कुणी विचारेल. हवेत, कारण ओळखीच्या माणसाला संदर्भ ठाऊक असतो, अनोळखी वाचकाला नसतो. रोमन लिपीत ‘के-ए-एल’ एवढंच लिहिलं, तर ते काल, काळ की कळ? म्हणून गप्पांत मोकळीक असू द्या. अर्ज, सूचना, बातमी लिहिताना मात्र वेलांटी तपासा. नेमकं वाचायला मिळणं हा वाचणाऱ्याचा हक्क आहे.