दोष इंजिनाचा की पंख्याचा?

इंजिन बोंबलतंय, आरपीएमचा काटा वर चढतोय आणि बोट मात्र म्हशीसारखी पाण्यात बसून! अशा वेळी तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं? ‘गेलं रे इंजिन!’ मग सोमवारी ऑफिसात चेहरा पाडून बसायचं आणि लंच टाइममध्ये नव्या मोटरच्या किमती बघायच्या. थांबा, बॉस! क्रेडिट कार्ड खिशातच राहू द्या. बास बोटीच्या बाबतीत पहिला संशय घ्यायचा तो मागच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर.

बास बोट ही पक्की अमेरिकन चीज. बास हा तिथल्या तळ्यांतला मासा आणि त्याला गळाने पकडणं हा एकदम सीरियस मामला. १९४८ साली होम्स थर्मंड यांनी बनवलेली ‘स्कीटर’ ही पहिली बास बोट मानली जाते. आजची बोट म्हणजे अठरा ते एकवीस फुटांची, बुटकी, चकचकीत. मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेली २००-२५० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. वेग? ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. तेही पाण्यावर, ब्रेक नसताना!

डॅलसपासून पूर्वेला गेलं की लेक फोर्क लागतं. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा, १९९२ मध्ये इथेच मिळाला. जवळच्या प्लेनो-फ्रिस्कोमध्ये आयटीतली मराठी मंडळी भरपूर. तेव्हा तुमच्या एखाद्या मित्राने उद्या सेकंडहँड बास बोट घेतली आणि रात्री फोन करून रडायला लागला, तर त्याला काय सांगाल?

पहिला प्रश्न विचारा : ‘पिच किती आहे?’ पंखा एका फेरीत, पाणी न घसरता, जेवढे इंच पुढे गेला असता तो त्याचा पिच. हा आकडा बहुधा पंख्यावरच कोरलेला असतो. फंडा गाडीच्या गिअरसारखाच आहे. खंबाटकी घाट पाचव्या गिअरमध्ये चढायला गेलात तर इंजिन कसं गुदमरतं? पिच जास्त झाला की बोटीचंही तेच होतं. इंजिन ओढत राहतं, तापतं आणि आतून झिजतं. पिच फार कमी असेल तर उलटं. इंजिन नुसतंच भिरभिरतं आणि लिमिटरला जाऊन धडकतं.

मोटरच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलचा आरपीएम किती हवा ते लिहिलेलं असतं. बऱ्याच मोटरींना तो ५,००० ते ६,००० असतो. पिचमध्ये एक इंचाचा फरक म्हणजे साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक. समजा, मित्राची मोटर ४,९०० वर अडकतेय. तीन इंच कमी पिचचा पंखा लावला तर ती ५,३५० ते ५,५०० च्या घरात येईल. नवी मोटर नको, नुसता पंखा बदला.

दुसरं म्हणजे स्लिप. पाणी काही घट्ट नसतं, त्यामुळे पंखा थोडा घसरतोच. किती घसरतोय ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. आरपीएमला पिचने गुणा, मग मोटरच्या गिअर रेशोने भागा आणि परत १,०५६ ने भागा. समजा ५,८०० आरपीएम, २४ पिच, रेशो १.७५. उत्तर येतं ७५ मैल. जीपीएसवर प्रत्यक्ष ६८ दिसत असतील तर स्लिप नऊ-दहा टक्के. झकास! चांगल्या सेट केलेल्या बोटीला टॉप स्पीडला एवढी चालते. पण तीच वीसच्या पुढे गेली तर पंख्याची पकड सुटतेय. इंजिन बिचारं निर्दोष.

पकड सुटायची कारणं तशी मोजकीच. मोटर फार वर लावली असेल तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो. पंख्याचा दांडा बोटीच्या तळापासून किती खाली आहे ते मोजा. बास बोटींना तीन-साडेतीन इंचांपासून सुरुवात करतात. मोटर वर घेतली की पाण्याचा अडथळा घटतो, वेग वाढतो. पण वळणावर पंखा सटकायला लागला किंवा कूलिंगच्या पाण्याचं प्रेशर पडलं, तर लगेच खाली आणा. नाही तर मोटर खरंच जळेल.

दुसरं कारण म्हणजे पाती. लेक फोर्कच्या पाण्याखाली बुडालेली झाडं भरपूर आहेत. एखादं खोड लागलं की पात्याचा काठ वाकतो. डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण परफॉर्मन्सचा पार बोऱ्या वाजवतो. तिसरं कारण पंख्याच्या आतलं रबरी हब. ते सुटलं की दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. टेस्ट एकदम सोप्पी : मार्करने आतल्या हबपासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ मारा, चक्कर मारून या. रेघ तुटली तर चोर सापडला.

आणि हो, पंखा काढलाच आहे तर मागे गळाची दोरी गुंडाळलीय का तेही बघा. ती दांड्याचं सील कापते आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधी दिसलं तर बोट पाण्यात टाकायचीच नाही. पंख्याला हात लावण्याआधी चावी काढून खिशात, हे वेगळं सांगायला नकोच.

आता सगळ्यात मोठा नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला! पंखा बदलला, मोटर वर घेतली, सामान पुढे सरकवलं आणि बोट सुधारली, तर श्रेय कुणाला देणार? टेस्टही नेहमीच्या वजनानेच करा. मासे जिवंत ठेवायच्या टाकीत तीस गॅलन पाणी भरलं की ११३ किलोंची भर पडते. रिकाम्या बोटीचे आकडे घेऊन इम्प्रेस व्हायचं नाही. प्रत्येक फेरीचे आरपीएम, जीपीएसचा वेग आणि मोटरची उंची वहीत लिहा. ऑफिसातल्या एक्सेलचा याहून चांगला उपयोग नाही.

एवढा आटापिटा फक्त पैसे वाचवायला? नाही. चुकीचं सेटिंग जिवावर बेततं. नाक वर-खाली आपटायला लागलं तर मोटरचा ट्रिम थोडा खाली घ्या, बहुतेक वेळा शांत होतं. पण फुल स्पीडला बोट डाव्या-उजव्या कुशीवर डोलायला लागली, तर ते डोलणं क्षणात वाढतं आणि माणूस बाहेर फेकला जातो. अशा वेळी हिरोगिरी नको, थ्रॉटल हळूहळू कमी करा. मग किनाऱ्यावर येऊन स्टीअरिंग ढिलं आहे का, मोटर फार वर आहे का, ते तपासा.

चालक पडला आणि मोटर चालूच राहिली, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते, पंख्यासकट. म्हणूनच असते ती लाल दोरी. एक टोक माणसाला, दुसरं स्विचला. दोरी सुटली की इंजिन बंद. २६ फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना ती लावणं अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानेच सक्तीचं आहे.

तेव्हा मित्राचा फोन आला की पिच विचारा, रेघ मारायला सांगा, वही घ्यायला सांगा. आणि टेस्टला निघण्याआधी एकच गोष्ट दोनदा सांगा : आधी दोरी, मग चावी!