किल्ली कधी ठेवायची?

‘चाळीस वर्षे गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही,’ असे सांगणारे ज्येष्ठ घरोघरी भेटतात. बहुतेकांचे म्हणणे खरेही असते. पण मागच्या चाळीस वर्षांच्या सफाईवरून पुढच्या पाच वर्षांची हमी देता येत नाही.

क्लच, गिअर, ओळखीचे रस्ते ही हातापायांत मुरलेली सवय म्हातारपणीही बराच काळ टिकते. मंदावतो तो मेंदूचा वेग. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवणे आणि बिनमहत्त्वाचे बाजूला सारणे या कामांना अधिक वेळ लागू लागतो. सरळ रस्त्यावर ही उणीव जाणवत नाही. चौकात उजवीकडे वळताना मात्र समोरच्या बसचा वेग, कडेने घुसणारी दुचाकी आणि रस्ता ओलांडणारा माणूस यांचा हिशेब क्षणात करावा लागतो. म्हणूनच तरुणांचे अपघात अतिवेगाने होतात, तर ज्येष्ठांचे अधिक करून चौकात, वळताना होतात. झोपेच्या गोळ्या किंवा सर्दीवरची गुंगी आणणारी औषधे यांत भर घालतात.

बहुतेक ज्येष्ठ स्वतःच सावध होतात. रात्रीची गाडी टाळतात, पावसात निघत नाहीत. खरी अडचण स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला येते. आपले काही बिघडते आहे ही जाणीवच या आजारात बोथट होते, त्यामुळे ‘मला काही झालेले नाही’ हे रुग्ण मनापासून सांगतो.

जपानने हा प्रश्न फार आधी ओळखला. तिथे २००९पासून ७५ वर्षांवरील चालकांना परवान्याच्या नूतनीकरणावेळी स्मृती व आकलनाची चाचणी द्यावी लागते. २०१९मध्ये टोकियोतील इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला. त्या वर्षी सुमारे सहा लाख जपानी चालकांनी स्वेच्छेने परवाने परत केले. तसे करणाऱ्यांना अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते.

आपल्याकडे पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. या ‘नमुना १-अ’मध्ये नजर, श्रवण, हातपाय यांची विचारणा आहे, स्मृती, लक्ष, निर्णयाचा वेग यांची नाही. शिवाय अनेकदा ही तपासणी म्हणजे फक्त सही-शिक्का असतो. सत्तरीपुढच्या अर्जदारासाठी त्यात दहा मिनिटांची आकलन चाचणी आणि शंका आल्यास प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा जोडायला हवी.

मात्र निव्वळ वयाची रेघ ओढून परवाना काढून घेणे अन्यायाचे ठरेल. पंच्याहत्तरीतही कित्येकांचा हात व डोके चोख असते. गाडी सुटली की भजनी मंडळ, बँक, मित्रांचा कट्टाही सुटतो. एकटेपण आणि नैराश्य मागोमाग येते. एसटीत पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे, हे चांगलेच. पण थांब्यापर्यंत नेणारा धड पदपथ आणि चढता येईल अशी पायरी नसेल, तर ती सवलत कागदावरच राहते.

घरच्यांनी काही खुणांकडे लक्ष द्यावे : रोजच्या रस्त्यावर चुकणे, गाडीवर वाढणारे ओरखडे, मागून सतत हॉर्न वाजणे, सिग्नलला गोंधळणे. दुचाकीलाही हे लागू आहे. अशा वेळी किल्ली लपवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. दृष्टी, औषधे, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व यांतले दुरुस्त होण्यासारखे काही निघते का, हे आधी पाहावे. आणि ‘आता गाडी नको’ असे सांगायची वेळ आलीच, तर मंगळवारी दवाखान्यात आणि शनिवारी देवळात कोण सोडेल, हे त्याच बैठकीत ठरवावे.