मल्हाररावांचा न्याय करताना

मल्हारराव गायकवाडांचा विषय निघाला की आमच्या जुन्या घराण्यांच्या बैठकीत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, इंग्रजांनी डाव साधून आपल्या राजाला उठविले. दुसरा म्हणतो, राजाच नालायक, गेला ते बरे झाले. आम्हांस दोन्ही अमान्य आहेत. निव्वळ बळी किंवा निव्वळ खलपुरुष हा शोकांतिकेचा नायक होत नाही. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणलेला मॅकबेथ चेटकिणींनी बुडविला नाही. त्याच्या मनात होते तेच त्यांनी बोलून दाखविले.

घडले ते पाहू. आमच्या मकरपुऱ्यात राजवाडा बांधविणाऱ्या खंडेरावांचे मल्हारराव हे धाकटे बंधू. भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून ते पादऱ्यास कैदेत होते. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव निवर्तले आणि कैदी गादीवर आला. जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. पुत्र झाला असता तर गादी गेली असती. १८७१ साली कन्या झाली आणि तेही भय सरले. आता तरी मन निवावयास हवे होते. पण हाव वाढतच गेली. भावाने चांदीच्या तोफा ओतविल्या, तर यांनी सोन्याच्या! भावाच्या मर्जीतल्या माणसांवर सूड उगविला गेला. १८७३ साली मीड आयोगापुढे सरदार, सावकार आणि रयत यांनी गाऱ्हाण्यांची रास घातली. तरीही व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी कारभार सुधारण्यास १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दिवाणगिरीवर दादाभाई नौरोजींसारखा पुरुष होता. मुदत होती, माणूस होता; आवर तेवढा नव्हता.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले. चौकशी आयोगाच्या सहा सभासदांपैकी तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरविले. शिंदे सरकार, जयपूरनरेश आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण पुढे करून त्यांना पदच्युत करण्यात आले. हा निवाडा सरळ नव्हता, हे आम्ही मान्य करतो. परंतु असा आरोप सहज चिकटावा, ही जमीन महाराजांनी स्वतःच नांगरून ठेवली होती.

आता कटू ते बोलतो. महत्त्वाकांक्षा आपोआप अनिर्बंध होत नाही. तिला ‘पुरे’ म्हणणारा कोणी उरला नाही म्हणजे होते. त्या दरबारात मुजरे करणारे मानकरी, शिलेदार, कारकून कोण होते? आमचेच पूर्वज. राजासमोर माना लवल्या आणि गाऱ्हाणी मात्र परक्यांच्या आयोगापुढे उघडली! घरचा वाद परक्याच्या चावडीवर नेला की निवाडाही परकाच करणार.

आणि आम्ही तरी वेगळे काय करतो? आमच्या मंडळांत एकच गृहस्थ वर्षानुवर्षे खुर्ची अडवून बसतो. आम्ही सभेत टाळ्या देतो आणि घरी परतताना कुरकुरतो. मग एके दिवशी संस्था मोडते आणि दोष धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीवर ढकलून आम्ही मोकळे होतो.

मल्हारराव १८८२ साली मद्रासेकडे, स्थानबद्धतेत वारले. त्यांची कथा नातवंडांना अवश्य सांगावी; पण सांगताना राजाच्या दोषापाशी थांबू नये. शेजारी उभ्या असलेल्या आणि गप्प राहिलेल्या आपल्या खापरपणजोबांचेही नाव घ्यावे.