मोटर अश्वशक्तीवरून नव्हे, कामावरून निवडावी

फवारणीत मात्रा वाढवली की परिणामही वाढतो, हा समज दूर करण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांना अनेक वर्षे झटावे लागले. लेबलवरील मात्रेहून अधिक औषध वापरले तर खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि कीड अधिक प्रतिकारक्षम होते, हे आज बहुतेक प्रगतिशील शेतकऱ्यांना पटलेले आहे. मासेमारीच्या लहान बोटीसाठी मोटर घेताना मात्र तोच जुना समज वेगळ्या रूपात पुढे येतो. पहिला प्रश्न असतो, ‘किती एचपीची घ्यावी?’ वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी यावयास हवा.

झाशीच्या परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बेतवा नदीवर १८८६ मध्ये पूर्ण झालेले परीछा धरण, त्याच नदीवरचे सुकवा-ढुकवा, ललितपूर जिल्ह्यातील विस्तीर्ण माताटीला जलाशय आणि बरुआसागरसारखे जुने तलाव यांवर ढीमर, केवट, रायकवार या समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. लाकडी नाव जड असते आणि एका तलावावरून दुसऱ्यावर नेणे कठीण जाते. त्यामुळे हवा काढून, घडी करून टेम्पोतून नेता येणारी रबरी बोट लहान मत्स्यव्यावसायिकाला आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लाकडी नावेची सवय तशीच ठेवून या बोटीला मोटर जोडली, तर पैसा आणि कधीकधी जीवही धोक्यात येतो.

बोटीची मर्यादा प्रथम पाहावी

हवेच्या बोटीला मोटर जोडायची ती मागच्या फळीवर. अनेक स्वस्त बोटींना अशी भक्कम फळीच नसते. ज्यांना असते, त्यांच्यावर मोटरीची कमाल अश्वशक्ती आणि एकूण भार नोंदलेला असतो. ती नोंद औषधाच्या लेबलइतकीच बंधनकारक मानावी. जड मोटर, बॅटरी आणि चालवणारा माणूस असे तिघेही मागच्या टोकाला आले, तर बोटीचे तोंड वर उचलले जाते आणि मागून पाणी आत येते. म्हणून बॅटरी व जाळे पुढच्या भागात ठेवून भार समतोल करावा.

दुसरी गोष्ट वेगाची. सुमारे ३ मीटर लांबीची भारलेली बोट पाणी कापत ताशी ७ ते ८ किलोमीटरपर्यंतच सहज जाते. त्यापुढे तिला पाण्यावर उचलून पळवावे लागते आणि त्यासाठी कित्येक पट शक्ती खर्ची पडते. जाळे लावणे, तपासणे आणि किनाऱ्यावर परतणे या कामांत एवढ्या वेगाचा उपयोग तरी काय?

रेट्याचे गणित

लहान विद्युत मोटरीची क्षमता पाण्याला दिलेल्या रेट्यावर, म्हणजे पाउंडांत, सांगितली जाते. ढोबळ नियम असा की, दर ५० किलो वजनास सुमारे १ किलो रेटा लागतो. बोट, दोन माणसे, बॅटरी, जाळे आणि मासळी मिळून २५० किलो भार धरला, तर ५ किलो म्हणजे सुमारे ११ पाउंड रेटा पुरतो. हा आकडा स्थिर पाण्याचा आहे. समोरचा वारा आणि पाणवनस्पती लक्षात घेऊन त्याची तिप्पट करावी. याचा अर्थ ३० ते ४० पाउंडांची मोटर बहुतेक कामांस पुरेशी ठरते.

अशी १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर वीज घेते. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी. म्हणजे पूर्ण वेगाने जेमतेम दीड तास मिळतो. तोच वेग एक तृतीयांशाने कमी केला, तर वीज ८ ते १० अँपिअरवर येते आणि मोटर सुमारे पाच तास चालते. पाण्यातील बोटीचा वेग वाढवताना लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सावकाश जाणाऱ्याची बॅटरी टिकते, ती याच कारणाने.

बॅटरीची निवडही कामाशी जुळती हवी. मोटारगाडी सुरू करण्याची बॅटरी या कामाची नाही. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी चालते, पण तिचे वजन ५० किलोच्या घरात जाते. ई-रिक्षासाठी बनवलेली बॅटरी अधिक सोयीची. ती मिळते आणि तिचा मिस्त्रीही शहरात सापडतो. लिथियमची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते, मात्र सुरुवातीची किंमत जास्त.

पेट्रोलची मोटर कोठे योग्य?

माताटीलासारख्या विस्तीर्ण जलाशयात, मे-जूनच्या तप्त वाऱ्यात, किनाऱ्यापासून दूर जाळी लावणाऱ्यास केवळ बॅटरीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. तेथे २ ते ३ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन रास्त ठरते. ते तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल घेते. याउलट वरील बॅटरी पुन्हा भरण्यास एक युनिटच्या आसपास वीज लागते. अर्थात, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्चही हिशेबात धरलाच पाहिजे.

स्वस्तात मिळणारे जुने टू-स्ट्रोक इंजिन मात्र टाळावे. त्यातील इंधनाचा मोठा भाग न जळताच तेलासह पाण्यात जातो. अमेरिकेतील टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना १९९९ पासून मनाई करण्यात आली, ती याच कारणासाठी. मत्स्यबीज संगोपनाच्या तळ्यात घातक जलकीटक मारण्यासाठी साबण-तेलाचे मिश्रण पसरतात. पाण्यावर तेलाचा पापुद्रा धरला की हवेसाठी पृष्ठभागावर येणारे कीटक गुदमरतात. संगोपनतळ्यात जे हेतुपूर्वक, मोजून केले जाते, ते जलाशयाच्या उथळ कोपऱ्यात नकळत घडू नये. तेथेच माशांची पिल्ले वाढतात आणि त्यांचे अन्न असलेल्या डासमाश्यांसारख्या कीटकांना प्रौढ होताना पृष्ठभाग भेदूनच बाहेर पडावे लागते. एका इंजिनाने जलाशय बिघडणार नाही हे खरे, पण सवय एकाची राहत नाही.

स्थानिक पाण्याची परीक्षा

बुंदेलखंडात नदीचा तळ ग्रॅनाइटचा. उन्हाळ्यात पातळी उतरली की खडक आणि बुडालेल्या झाडांचे खुंट पंख्याच्या टप्प्यात येतात. त्यामुळे दांडा पटकन वर उचलता येणारी मोटर घ्यावी. जलपर्णी आणि स्वतःचेच जाळे पंख्यात गुंततात. जाळ्याजवळ मोटर बंद करून वल्हे वापरणे हाच त्यावर उपाय.

उष्णतेचाही विचार हवा. सकाळी २५ अंशांत ०.२ बार दाबाने फुगवलेल्या बोटीतील हवा दुपारी ४५ अंशांवर गेली, तर तो दाब ०.२८ बारच्या आसपास पोहोचतो, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. उन्हात किनाऱ्यावर ठेवलेली बोट फाटण्याचे हे एक कारण. ती सावलीत ठेवावी किंवा थोडी हवा काढावी. बाभळीचा काटा आणि टेंगऱ्याचा काटा, दोन्ही रबराचे वैरी. मासळी कडक पेटीतच ठेवावी.

धोरण आणि विस्तार

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य मिळते. अशा साहाय्याच्या काळात निवड चुकली, तर नुकसान शासन आणि मच्छीमार दोघांचे होते. म्हणून खरेदीपूर्वी सहकारी संस्थेने एक मोटर मागवून, पूर्ण भारासह आणि त्याच पाण्यावर एक दिवस चाचणी घ्यावी. विस्तार कार्यकर्त्याने बियाण्याचे प्रात्यक्षिक जसे प्लॉटवर घेतले जाते, तसेच हे पाण्यावर घ्यावे. उजनी असो वा जायकवाडी, पद्धत तीच. आकडे मात्र तेथील वारा, खोली आणि अंतर पाहूनच ठरवावेत.

या चाचणीत वल्ही, जीवरक्षक जाकिटे आणि चालक पडताच इंजिन बंद करणारी दोरी यांना खर्चाच्या यादीत मोटरीच्या वरचे स्थान द्यावे. मोटर बंद पडली तरी माणूस किनाऱ्यावर परतला पाहिजे. ज्या निवडीत ही हमी नाही, ती निवड कितीही अश्वशक्तीची असली तरी अपुरीच.