दुखण्याची भाषा कोणाची?

ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, मोडलेल्या हाडाचे छायाचित्र घेता येते. वेदना मात्र रुग्णाच्या तोंडूनच कळते. म्हणून दुखण्याचे शब्द हे वैद्यकातील निदानाचे पहिले साधन होय. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात हे साधन बोथट झाले असेल, तर त्याचा दोष तेथील निरक्षर रुग्णाच्या माथी मारता येणार नाही. तो दोष त्याची भाषा ऐकण्याची गरज न भासलेल्या सुशिक्षित वैद्यकाचा आहे.

भारतीय वैद्यकाने या शब्दांची जोपासना किती डोळसपणे केली होती! ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला. ‘पीडा’ म्हणजे दाबले जाणे, ‘व्यथा’ म्हणजे कंप पावणे, तर ‘रोग’ आणि ‘रुजा’ यांच्या मुळाशी मोडण्याचा अर्थ असलेला ‘रुज्’ धातू आहे. भाला खुपसल्यासारखी वेदना ती ‘शूल’. शरीरात रुतलेला बाण ते ‘शल्य’. त्यावरूनच सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या शास्त्राला ‘शल्यतंत्र’ हे नाव मिळाले. कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला चरकसंहिता गिधाडावरून ‘गृध्रसी’ म्हणते आणि तिच्या लक्षणांत टोचणी, ताठरपणा व स्फुरण यांची वेगवेगळी नोंद करते. याउलट इंग्रजीतील ‘पेन’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पोएना’त, म्हणजे दंडात आहे.

ही शब्दसंपदा पोथीत बंदिस्त राहिली नाही. ‘शल्या’चा ‘सल’ झाला, ‘अर्धशीर्षा’ची ‘अर्धशिशी’ झाली आणि ‘वेदना’ प्राकृतातून मराठी माऊलीच्या ‘वेणा’ झाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली शेतकरी स्त्रीही गळू ठणकते, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात असे अचूक सांगते. यातील प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवितो. केसपेपरवर मात्र या सर्वांचे एकच इंग्रजी अक्षरांतले ‘पेन’ होते! कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५मध्ये दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली सिद्ध केली, तेव्हा जगाने तिला विज्ञान म्हणून गौरविले. तेच काम आपल्या आजीबाई रोज करीत असताना आपण त्यांना अडाणी ठरविले.

मात्र केवळ संस्कृत आणि मराठीच्या अभिमानाने हा प्रश्न सुटणार नाही, हेही स्वकीयांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भामरागड, एटापल्लीच्या अरण्यात घराघरांत गोंडी आणि तिचे माडिया रूप बोलले जाते. गोंडीत दुखण्याचा धातू ‘नोय्’ आहे. तमिळमधील रोगवाचक ‘नोय’, तेलुगूतील ‘नोप्पी’ आणि कन्नडमधील ‘नोवु’ ही त्याचीच भावंडे. इंद्रावतीच्या काठापासून कावेरीच्या काठापर्यंत भारतीय माणूस एकाच शब्दकुळातून विव्हळतो, हे एकात्मतेचे केवढे जिवंत प्रमाण! २०११च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. तरीही ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अशा प्रदेशात दवाखान्याच्या फलकावर ‘उदरशूल’ लिहून भाषाशुद्धी साधल्याचे समाधान कोणी मानत असेल, तर माडिया वृद्धेला तो शब्द इंग्रजीइतकाच परका आहे, याचे भान त्याने ठेवावे.

शब्द न ऐकण्याची किंमत काय असते, हे गडचिरोलीनेच जगाला दाखविले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ‘अंगावर पांढरे जाते’ हे चुलीपाशी कुजबुजले जाणारे वाक्य डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोहोचतच नव्हते. उलट जेथे वैद्यक लोकांच्या भाषेत उतरले, तेथे जीव वाचले. याच दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटविले. हेमलकसा येथे १९७३पासून लोकबिरादरी प्रकल्प उभारताना डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले, तेव्हाच तेथील वनवासी बांधवांचा विश्वास संपादन करू शकले.

वैद्यक जागतिक आहे, त्याची भाषा इंग्रजीच राहणार, असा युक्तिवाद केला जातो. संशोधन इंग्रजीत वाचण्यास कोणाची हरकत नाही. परंतु ग्रंथ वाचण्याची भाषा आणि रुग्ण वाचण्याची भाषा या भिन्न आहेत. चंद्रपूरला २०१५मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन २०२४मध्ये झाले. एमबीबीएसच्या पायाभूत अभ्यासक्रमात २०१९पासून स्थानिक भाषेचा समावेश आहे. गडचिरोलीत ही स्थानिक भाषा म्हणजे मराठीबरोबर गोंडी आणि माडियाही, असाच तिचा अर्थ लावला पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दुखण्याच्या स्थानिक शब्दांचा कोश असावा, तो आशा कार्यकर्तींच्या साहाय्याने सिद्ध व्हावा आणि नव्या डॉक्टरची त्यात परीक्षा घेतली जावी. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. ऐकून घेण्याची नम्रता लागते.

‘वेदने’चे मूळ जाणण्यात आहे, असे अभिमानाने सांगणाऱ्या समाजाला आपल्याच बांधवांचे दुखणे कळू नये, यासारखी दुसरी विसंगती नाही. व्युत्पत्तीचा अभिमान तेव्हाच खरा, जेव्हा ‘नोय्’ हा शब्द कानी पडताच डॉक्टर मान वर करून विचारील: कोठे, केव्हापासून आणि कसे?