पंपावर काय मिळते, ते पंपावर लिहा

हैदराबादच्या अफझलगंजपासून हाकेच्या अंतरावर गौलीगुड्याचे जुने बसस्थानक होते. त्याचे पत्र्याचे कमानदार छत म्हणजे मुळात अमेरिकेतल्या बटलर कंपनीचा विमानांचा हँगर. निजामाच्या राजवटीत तो हैदराबादेत आला, १९३२ मध्ये संस्थानाची बससेवा सुरू झाली तेव्हा बसगाड्यांच्या वाट्याला गेला आणि जुलै २०१८ मध्ये कोसळेपर्यंत त्याने बसगाड्यांनाच सावली दिली. छपराखाली विमान उभे आहे की बस, याने छपराला फरक पडत नाही. इंधनाच्या टाकीचे तसे नसते. टाकी एका ठरावीक द्रवासाठी बनवलेली असते. द्रव बदलला की टाकीची भिंत, जोड, गोंद, रबर या सगळ्यांची परीक्षा नव्याने सुरू होते. आज अफझलगंजच्या पंपावर आणि देशातल्या जवळपास प्रत्येक पंपावर साधे पेट्रोल म्हणून जे मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ग्राहकापुढे निवड अशी जवळपास उरलेलीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की इंधनातले इथेनॉलचे प्रमाण प्रत्येक पंपावर ठळक लिहिले पाहिजे आणि इथेनॉल नसलेले एक पेट्रोल, महाग का असेना, खात्रीने उपलब्ध राहिले पाहिजे. ही मागणी का रास्त आहे, ते सर्वांत स्पष्ट दिसते घरी बांधलेल्या विमानाच्या फायबरच्या टाकीत.

घरी विमान बांधणे हे परदेशी श्रीमंतांचे खूळ आहे असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले, फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिले आणि सरकारी कार्यालयांचे उंबरठे झिजवल्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी या चिन्हाने नोंदणी झाली. ते विमान धातूचे आहे. पण जगभरच्या हौशी बांधणाऱ्यांना गेली पन्नास वर्षे ज्या पद्धतीने भुरळ घातली ती फायबरची. अमेरिकेतल्या बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये ‘व्हेरीईझी’ आणि १९७९ मध्ये ‘लाँग-ईझी’ उडवले. फोमचे ठोकळे गरम तारेने कापायचे, त्यावर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी रेझिन चढवायचे. महागडा साचा नको, कारखाना नको, एक गॅरेज पुरे. अशा विमानात इंधनाची टाकी बहुधा वेगळी बसवलेली नसते. पंखाच्या मुळाशी असलेला पोकळ भागच टाकी असतो, म्हणजे विमानाचे अंग हीच टाकीची भिंत. स्कूटरची टाकी गंजली तर बाजारातून दुसरी आणता येते. इथे टाकी बदलायची तर विमान कापावे लागते.

आता त्या भिंतीत काय घडते ते पाहू. काचतंतूंना पेट्रोलही काही करत नाही आणि इथेनॉलही नाही. त्यांना धरून ठेवणारे रेझिन हा नाजूक भाग. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की रेणूंची जाळी विणली जाते. कारखान्यात भट्टीत ठरावीक तापमान देऊन ही वीण घट्ट करतात. गॅरेजमध्ये, नुसत्या हवेच्या उबेवर, ती बरीचशी होते पण पूर्ण होत नाही. पेट्रोलचे बहुतेक घटक अशा जाळीत सहजी शिरत नाहीत. इथेनॉलचा रेणू मात्र लहान आणि ध्रुवीय, त्याला इपॉक्सीच्या जाळीत वाट सापडते. तो आत शिरला की रेझिन फुगते आणि आधीपेक्षा कमी तापमानाला मऊ पडू लागते. हैदराबाद किंवा नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचे अंग किती तापते, हे वेगळे सांगायला नको. मऊ पडलेल्या रेझिनचा अंश इंधनात उतरतो, गाळणीत आणि कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. रेझिनच्या थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले असेल आणि मागे पॉलिस्टायरीनचा फोम असेल, तर तो फोमच नाहीसा होतो; थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच टाकीच्या जागी पेट्रोलला टिकणारा वेगळा फोम वापरतात. पण त्या फोमची, त्या रेझिनची आणि गळती बंद करायला आतून फिरवलेल्या लेपाची निवड बांधणाऱ्याने केली ती त्या वेळच्या पेट्रोलचा विचार करून.

हे केवळ तर्काने मांडलेले भय नाही. अमेरिकेत २००४ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि कनेटिकटच्या किनाऱ्यावर एमटीबीई या रसायनाच्या जागी पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आले. तिथल्या जुन्या मोटरबोटींत पॉलिएस्टर रेझिनच्या फायबर टाक्या होत्या आणि त्यांनी वर्षानुवर्षे साधे पेट्रोल निमूट साठवले होते. नवे इंधन आल्यावर त्यांतल्या अनेकांच्या भिंती मऊ पडल्या, रेझिनचा काळा चिकट थर इंजिनाच्या व्हॉल्व्हवर जमला आणि इंजिने बिघडली. ते प्रमाण दहा टक्के होते. इंजिन बंद पडलेली बोट पाण्यावर तरंगत मदतीची वाट पाहू शकते. विमानाला ती सोय नाही.

पाण्याचा प्रश्न याहून फसवा आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून बघतो. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते, आणि ते नाहीसे होईपर्यंत उड्डाण होत नाही. इथेनॉल ही खूण पुसून टाकते. ते हवेतला दमटपणा ओढते आणि पाणी स्वतःत विरघळवून घेते, त्यामुळे नळीतले इंधन स्वच्छ दिसते. वर थंड हवेत गेल्यावर मिश्रणाची पाणी धरण्याची ताकद कमी होते. पाणी मर्यादेच्या काठावर असेल तर ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी उतरते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का हे ओळखायची युक्ती साधी आहे. खुणा केलेल्या काचनळीत थोडे पाणी घ्यायचे, त्यावर पेट्रोल ओतायचे, हलवून ठेवायचे. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर इथेनॉल आहे. ही तपासणी प्रत्येक हौशी वैमानिकाने शिकावी. पण आपण विकत काय घेतो हे ग्राहकाने काचनळीत शोधायचे आणि विकणाऱ्याने ते पाटीवर लिहायचे नाही, ही रीत मला मान्य नाही.

इंजिनाची बाजू पाहिली तर घोळ आणखी उघड होतो. हलक्या विमानांत जगभर चालणारे ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१२ इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालावे अशाच बेताने बनवले आहे. त्याच्या शंभर अश्वशक्तीच्या प्रकाराला ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागते आणि आपले ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ती अट पूर्ण करते. पण कंपनीने इथेनॉलची मर्यादा दहा टक्के ठेवली आहे. म्हणजे ऑक्टेनच्या परीक्षेत पास झालेले इंधन इथेनॉलच्या परीक्षेत नापास. ‘मग शंभर ऑक्टेनचे महाग पेट्रोल घ्या,’ असे सुचवले जाते. पण ऑक्टेनचा आकडा इंधन इंजिनात ठोके न देता किती दाब सोसते तेवढेच सांगतो, इथेनॉल किती आहे ते सांगत नाही. ते प्रमाण पंपावर छापील आणि बंधनकारक असल्याशिवाय त्यावर जीव सोपवता येत नाही.

मूठभर विमानांसाठी देशाचे इंधन धोरण वाकवायचे का, असे कुणी विचारील. धोरण वाकवा असे म्हणणे नाहीच. वीस टक्क्यांचे पेट्रोल विकत राहा. शिवाय मूठ वाटते तितकी लहान नाही. संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये पिपिस्ट्रेल व्हायरस जातीची १९४ हलकी विमाने मागवली, त्यांतली ११० एनसीसीच्या छात्रांसाठी. अंग कंपोझिटचे, म्हणजे फायबर आणि रेझिनचे, आणि इंजिन रोटॅक्स ९१२. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे ‘हंसा’ हे प्रशिक्षण विमानही कंपोझिटचे आहे आणि ‘हंसा-एनजी’ या त्याच्या नव्या रूपात रोटॅक्सच आहे. हलक्या विमानांचे भवितव्य फायबर आणि मोटारीचे पेट्रोल या जोडीवर उभे राहते आहे.

विमानाचे म्हणून वेगळे पेट्रोल आहेच की, हा दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. एव्हगॅस १००एलएल मध्ये अल्कोहोल चालतच नाही. आपण ते आयातच करत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेले एव्हगॅस बाजारात आणले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यात शिसे असते. मोटारीच्या पेट्रोलमधले शिसे आपण २००० मध्येच हद्दपार केले. रोटॅक्समध्ये सतत शिशाचे इंधन घातले तर तेल दर २५ तासांनी बदलावे लागते, आणि लहान धावपट्टीवर ते मिळतेच असे नाही. एव्हगॅस हा पर्याय आहे, पण एकमेव पर्याय म्हणून तो लादू नये. इथेनॉल पाण्याने धुऊन काढायचा काही जणांचा उपाय तर सरळ धोक्याचा आहे: इथेनॉलबरोबर ऑक्टेनही खाली येते आणि पाण्याचा अंश मागे राहतो.

चांगले रेझिन वापरा, हा सल्ला नव्याने बांधणाऱ्याला मीही देईन. व्हिनाइल एस्टर इथेनॉलपुढे बरेच टिकते, योग्य इपॉक्सीला नीट उष्णता दिली तर तीही टिकते. आणि टाकी बंद करण्याआधी त्याच रेझिनचा तुकडा पंपावरच्या पेट्रोलमध्ये काही महिने बुडवून ठेवावा, वजन आणि कडकपणा तपासावा. पण हा सल्ला आधीच बांधलेल्या टाकीला लागू होत नाही. ब्राझीलचा दाखलाही असाच तपासून घ्यावा. तिथले इपानेमा हे फवारणीचे विमान २००४ पासून चक्क शुद्ध इथेनॉलवर उडण्यास प्रमाणित आहे. मात्र एम्ब्राएर कंपनीने ते त्यासाठी बदलले, तपासले आणि मगच प्रमाणपत्र घेतले. इथेनॉलवर विमान उडू शकते हे त्यातून सिद्ध होते. इथेनॉलसाठी न बांधलेले विमान उडू शकते हे नाही.

उरतो ऊस उत्पादक. या विषयावर महाराष्ट्रात बोलताना तो वगळून चालणार नाही. इथेनॉल मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीला झाले, कारखान्यांना त्यातून पैसा मिळाला आणि उसाची बिले भागली. ते टिकलेच पाहिजे. त्याच्या मिळकतीला खरा फटका बसला तो डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनेच निर्बंध आणले तेव्हा. एका वेगळ्या नळीतून थोडे इथेनॉलमुक्त पेट्रोल विकल्याने त्याच्या बिलात काही फरक पडणार नाही.

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी ई-१० उपलब्ध ठेवण्याची शिफारस होती. ब्रिटन आणि जर्मनीत ई-१० आल्यावरही कमी इथेनॉलचे पेट्रोल वेगळ्या नळीवर मिळत राहिले. आपल्याकडे इथेनॉलमुक्त पर्यायाची आणि पंपावरच्या पाटीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचे दार बंद झाले तरी पेट्रोलियम मंत्रालयाचे उघडे आहे, आणि पाटी लावायला नवा कायदा लागत नाही. मंत्रालयाने प्रत्येक पंपाच्या नळीवर इथेनॉलची टक्केवारी लिहिणे सक्तीचे करावे, मोठ्या शहरांत निदान एकेक पंप इथेनॉलमुक्त पेट्रोलसाठी राखावा, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हौशी विमानाची नोंदणी करताना टाकीचे रेझिन व इंधन यांची लेखी नोंद मागावी. ती पाटी लागेपर्यंत, फायबरची टाकी असलेल्या कुणीही साध्या पंपावरचे पेट्रोल त्यात भरू नये.