पात्याचा छंद आणि श्रावकाचा विवेक

जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. ती इंग्लंडला नेणारा जेम्स ग्रँट डफ हा साताऱ्याचा रेसिडेंट होता. अफझलखानाच्या वधात १६५९ साली वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे लंडनचे संग्रहालयच सांगते. संग्राहकाने असेच सत्यनिष्ठ असावे.

जुनी पाती जपण्याचा छंद दूषणीय नव्हे. भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या षट्कर्मांचा आरंभच ‘असि’पासून होतो. सांगलीच्या हळदपेठेतही पोत्याची सुतळी कापण्यास सुरी लागतेच. प्रश्न आहे तो प्रयोजनाचा. शोभेचा चाकू खिशात घालून मिरविणाऱ्या तरुणापाशी कोणते प्रयोजन असते? निष्प्रयोजन पापापासून दूर राहणे हेच अनर्थदंडव्रत होय; हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे ‘हिंसादान’, हा त्यातील त्याज्य प्रकार. वाढदिवसाला चाकू भेट देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे.

कायदाही प्रयोजनच पाहतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रवर्गात मोडतात. घरगुती, शेतीची व उद्योगाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. मनाई आदेश लागू असता लहान चाकू बाळगणेही अंगाशी येते.

आजोबांचा अडकित्ता किंवा जुनी कट्यार कुलूपबंद कपाटात ठेवावी. ती कोणाची, कोठून आली, याची वहीत नोंद करावी. खिसा मात्र रिकामाच बरा. क्रोधाचा क्षण ओसरतो. त्या क्षणी हाती पाते असले, तर झालेली जखम ओसरत नाही.